ऑडिट जरूर करा, पण आधी फाईल उघडा

मा. संपादक महोदय,
स. न.

कालच्या अंकातला पाहुणा लेख वाचला. लेखक निवृत्त अधिकारी आहेत, त्यामुळे भाषा शुद्ध आहे आणि कुणावर जबाबदारी येईल असं एकही वाक्य नाही. सातपुड्यातल्या संस्था-संघटना आदिवासींना भडकवतात, परदेशी पैशावर जगतात, वनपट्टे, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे कागद, मात्र प्रशासनाने दिले, असा एकूण सूर. शेवटी मागणी काय, तर या मंडळींचं ऑडिट करा.

मी कुठल्याही संघटनेचा सभासद नाही. कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. तालुक्यातला बहुतेक कागद साहेबांच्या टेबलावर जाण्याआधी माझ्या काचेवर पालथा पडतो, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

परदेशी पैशाचं आधी उरकून टाकतो. लेखकांना ज्यांचा राग आहे तशाच एका संघटनेचं माझ्याकडे खातं आहे. उधारीचं. दिवाळीच्या आसपास थोडे पैसे देतात, ग्रामसभांचे ठराव आणि वनपट्ट्यासाठीच्या दाव्यांचे अर्ज सुरू झाले की बाकी पुन्हा चढते. डॉलर खरंच येत असतील तर कृपा करून त्यांचा रस्ता माझ्या दुकानावरून काढावा.

आता 'प्रशासनाने दिलेल्या' पट्ट्यांबद्दल. वरच्या पाड्यावरचे पावरा जमातीचे एक आदिवासी बाबा दुकानात आले होते. युरियाच्या गोणीचा तुकडा, वर सुतळी. आत दंडाच्या पावत्या. वनजमिनीत नांगर घातला म्हणून वनखात्याने वेळोवेळी दंड घेतला होता, त्याच्या कार्बन कॉप्या. चुलीवरच्या आढ्याला खोचून ठेवल्यामुळे कागद धुराने तपकिरी झालेला, अक्षरं फिकट निळी. मशीन ती निळी शाई उचलेना. डार्क वाढवावं तर सगळं पानच काळं. शेवटी मोबाईलवर फोटो काढून, उजळवून प्रिंट मारली, तेव्हा कुठे 1994 हे साल आणि गार्डची सही दिसली.

'काय व्हयनं बाबा?' म्हणून विचारलं, तर दावा फेटाळलाय म्हणाले. कारण? पुरावा अपुरा. कागद? कागद काही दिला नाही, तोंडी सांगितलं.

म्हणजे पाहा. 'तू इथे शेती करतोस' म्हणून सरकारने या माणसाकडून दंड वसूल केला, आणि त्याच सरकारचं दुसरं टेबल त्याला विचारतं, 'तू 2005 च्या आधी इथे शेती करत होतास याला पुरावा काय?' वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 ही तारीख आहे. 1994 त्याच्या आधी येतं, एवढं गणित माझ्या दुकानातल्या पोऱ्यालाही येतं. त्याच कायद्याच्या नियम 13 मध्ये वनखात्याच्या नोंदी पुरावा म्हणून चालतात, गावातल्या म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. एकाहून जास्त पुरावे हवेत, तर बाबांकडे दोन्ही होते.

संघटनेची एक मुलगी त्यांच्यासोबत होती. लेखकांनी जिला 'आंदोलनजीवी' म्हटलं असतं तशी. तिने घोषणा दिल्या नाहीत, रस्ता अडवला नाही. कचेरीत जाऊन फक्त म्हणाली, 'साहेब, हेच लेखी द्या.' साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या वेळी साहेब मीटिंगला. तिसऱ्या वेळी फाईल सापडत नाही. मग माझ्याच काउंटरवर उभं राहून तिने माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला आणि आवक क्रमांक घेऊनच बाहेर आली. भडकवणं म्हणतात ते हेच असेल तर असो.

उत्तर आलं, त्याचीही झेरॉक्स मीच काढली. दंडाच्या पावत्या फाईलला लावलेल्याच नव्हत्या. उपग्रहाच्या चित्रात शेती दिसत नाही, हे नाकारण्याचं कारण. अहो, डोंगरउतारावरचं कोरडवाहू शेत ते, उन्हाळ्यात वरून पाहिलं तर काय दिसणार? शिवाय उपग्रहाचं चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरा, त्यांच्या जागी नको, असं या नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीत सरळ लिहिलं आहे. दावा नाकारला तर कारणांसह दावेदाराला कळवायचं, हेही त्याच दुरुस्तीत आहे. ते पान माझ्याकडे इतक्यांदा छापलं गेलंय की मला आता पाठ झालंय.

कळवणं का महत्त्वाचं, तर अपिलाला 60 दिवस असतात. आणि आपल्याकडे निर्णय नेमके कधी होतात? दिवाळीनंतर. तेव्हा पाड्यावर असतं कोण? मुकादमाची उचल घेतलेली जोडपी बारडोलीकडे ऊस तोडायला गेलेली, घरी म्हातारी माणसं आणि कुलूप. कोयता खाली ठेवून माणूस परत येईपर्यंत मुदत संपलेली. संघटनेची पोरं गुजरातेत उसाच्या फडावर जाऊन अपिलाच्या कागदावर अंगठे घेऊन येतात, ते लेखकांच्या कारकिर्दीत कोण करत होतं?

बाबांचं पुढे काय झालं विचाराल, तर अपील झालं, पुन्हा मोजणी झाली, पट्टा मिळाला. कसतात त्याच्या निम्म्या जमिनीचा. उरलेल्या निम्म्याची फाईल चालू आहे. आता हा पट्टा 'प्रशासनाने दिलेल्या' आकड्यात जमा झाला असेलच.

13 फेब्रुवारी 2019 आठवतो का? वनहक्काचे दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि 28 तारखेला त्याला स्थगिती मिळाली. मधल्या त्या दिवसांत माझ्या दुकानापुढे सकाळपासून माणसं बसून असायची. प्रत्येकाचा एकच प्रश्न, आपला दावा फेटाळलाय का? ते त्यांनाच माहीत नव्हतं, कारण कुणी कळवलंच नव्हतं. तेव्हा तुमच्या पेपरात 'प्रशासन सज्ज' अशी बातमी होती. कशासाठी सज्ज, ते लिहिलं नव्हतं.

सगळ्याच संस्था धुतल्या तांदळासारख्या आहेत असं मी म्हणत नाही. थंडीत चार कांबळी वाटून चाळीस फोटो काढणारेही माझ्याकडेच येतात, रंगीत प्रिंट मारायला, आणि पैसे रोख देतात. त्यांचं ऑडिट करा, अवश्य करा. पण लेखकांचा राग त्यांच्यावर नाही. कारण ते कुणाला 'लेखी द्या' म्हणत नाहीत.

आणि हे सगळं अलीकडचं फॅड, असं जे त्यांनी लिहिलं, ते वाचून हसावं की रडावं कळेना. शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भिल्ल शेतमजुरांना उभं केलं, 1972 ला श्रमिक संघटना झाली. गेलेल्या जमिनी परत मागायला तेव्हाही माणसं याच रस्त्यांनी चालली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा 1974 चा कायदा काय कुणा सचिवांना स्वप्नात दिसला होता? निवृत्त अधिकाऱ्याने निदान आपल्या जिल्ह्याचा इतिहास वाचावा. आता वेळही आहे त्यांच्याकडे.

जाता जाता तुमच्याबद्दलही थोडं. आपल्या जिल्ह्यातल्या काठी गावच्या राजवाडी होळीचा चार कॉलमी रंगीत फोटो तुम्ही दरवर्षी न चुकता छापता. मोरपिसं, कमरेला घुंगरू, अंगावर राखेची नक्षी. सुंदर असतो, माझ्या बायकोने एक कापूनही ठेवलाय. पण ते नाचणारे लोक उरलेलं वर्षभर कचेरीच्या पायरीवर बसलेले असतात, तिथे तुमचा फोटोग्राफर मला कधी दिसला नाही. दुकानातून पायरी समोरच दिसते, म्हणून सांगतो. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांना अख्खं पान मिळतं. त्यातली एक चौकट कमी करून, दावा नाकारला तर अपील कुठे आणि किती दिवसांत करायचं, एवढं छापा. मोठ्या अक्षरात छापा, झेरॉक्स नीट निघते.

पत्र मोठं झालं, काटछाट करायला हरकत नाही. मात्र पावत्यांचा भाग कापू नका. मागच्या वेळी एस. टी.बद्दल लिहिलेल्या पत्रातला नेमका मुद्दाच तुम्ही कापला होता आणि 'आपला विश्वासू' तेवढं ठेवलं होतं.

नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या साहेबांच्या टिप्पण्या रोज माझ्याकडेच टाईपिंगला येतात.

— एक वाचक, जि. नंदुरबार