संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र: एका अक्षरापायी अडलेली फॅमिली पेन्शन

मा. संरक्षणमंत्री महोदय,
सादर जय हिंद.

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या, लष्करात ‘नायक’ हुद्द्यावरून निवृत्त झालेल्या एका दिवंगत जवानाच्या पत्नीचा फॅमिली पेन्शनचा दावा तिसऱ्यांदा परत आला. शेरा एका ओळीचा: नाव जुळत नाही. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, ‘मंगल’, आधारवर ‘मंगला’. इंग्रजी स्पेलिंगमधल्या शेवटच्या एका ‘ए’पायी सात महिने त्या बाईंच्या खात्यात एक रुपया आलेला नाही. नवऱ्याच्या मृत्यूची नोंद झाली आणि त्याची पेन्शन लगेच थांबली. थांबवायला एक दाखला पुरला. सुरू करायला काय काय लागते, हे आपल्यापर्यंत पोहोचत नसावे, म्हणून हे उघडपणे लिहीत आहोत.

महोदय, ते स्पेलिंग त्या बाईंनी लिहिलेले नाही. जवान सुट्टीवर येऊन लग्न करतो, युनिटमध्ये परत जातो, आणि युनिटचा क्लार्क लग्नाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सेवा-नोंदीत बदल करणारा आदेश, काढतो. क्लार्क बहुधा दुसऱ्या प्रांतातला असतो. मराठी नाव कानाने ऐकून तो इंग्रजीत उतरवतो. ‘आनंदीबाई’ची ‘आनंदी’ होते, ‘सुशीला’ दोन तऱ्हांनी लिहिली जाते, ‘लक्ष्मी’ तीन तऱ्हांनी. ऑर्डरची प्रत सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथून नाव शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रकावर, चढते आणि निवृत्तीच्या वेळी जसेच्या तसे पीपीओवर येते. तीस-चाळीस वर्षे ते कुणी तपासत नाही. बाईंनी तो कागद पाहिलेलाही नसतो. तो घरातल्या काळ्या ट्रंकेत असतो, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले असते. ट्रंक उघडते ती माणूस गेल्यावर.

त्यात आपल्याकडची रीत वेगळी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवे नाव लिहायचे, आणि माहेरची शेवंता त्या दिवसापासून सासरची सुनंदा. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरे, पार्ट टू ऑर्डरमध्ये तिसरे. जन्मतारखेचेही तसेच. गावच्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिले, आधारवर 1 जानेवारी आली, आणि जुन्या पीपीओवर नुसते साल किंवा तेही नाही. या राज्यातल्या जुन्या पिढीच्या बायकांची कागदपत्रे अशीच आहेत. संरक्षण पेन्शनची ‘स्पर्श’ ही ऑनलाइन प्रणाली आखताना हे कुणालाही विचारले असते तर समजले असते.

आता दुरुस्तीचा रस्ता पाहा. आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र. मग डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, मृत्यूचा दाखला, बँक पासबुक यांच्या साक्षांकित प्रती. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा शिक्का. हे सगळे जाते रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाईट इन्फंट्रीचा माणूस असेल तर बेळगावला, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोडला, महार रेजिमेंटचा असेल तर मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचा असेल तर जबलपूरला. तिथून प्रयागराजला पीसीडीए पेन्शन्सकडे, म्हणजे संरक्षण पेन्शन मंजूर करणाऱ्या लेखा कार्यालयाकडे, आणि मग सुधारित पीपीओ. या साखळीत एक प्रत अस्पष्ट निघाली की फाईल पहिल्या पायरीवर. एका अक्षराच्या फरकाला प्रतिज्ञापत्रावर भागायला हवे, तरी दोन वृत्तपत्रांतल्या जाहिराती आणि राजपत्र मागणारे टेबल कुठेतरी भेटतेच.

आणि सर्वांत घातक सल्ला सर्वांत सहज दिला जातो: ‘आधार बदलून पीपीओसारखे करून घ्या.’ भगिनींनो, हे करू नका, असे आम्ही गावोगाव सांगतो. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, जन्मतारीख एकदाच. सैन्याच्या क्लार्कची चूक आधारवर उतरवून घेतली की बँक, पॅन, सातबारा, मुलांचे दाखले सगळे विसंगत होते, आणि मागे फिरायची वाट बंद. चूक जिथे झाली तिथेच दुरुस्त झाली पाहिजे, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसमध्ये.

जन्मतारीख नसण्याचा फटका तर वर्षानुवर्षे कळतही नाही. वय 80 झाले की पेन्शन 20 टक्क्यांनी वाढते, 85 ला 30, 90 ला 40 टक्के. फॅमिली पेन्शनलाही हाच नियम. पण पीपीओवर तारीखच नसेल तर प्रणाली 80 कशी मोजणार? किमान पेन्शन 9,000 रुपये धरली तरी 20 टक्के म्हणजे महिना 1,800, वर महागाई भत्ता. म्हाताऱ्या बाईची महिन्याची औषधे त्यात येतात. ती मागत नाही, कारण हा हक्क आहे हेच तिला कुणी सांगितलेले नसते.

जे हयात आहेत त्यांना हयातीचा दाखला छळतो. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा ऑनलाइन दाखला, भरताना पेन्शन वाटप करणारी संस्था म्हणून ‘स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स)’ निवडायचे असते. पेन्शन बँकेत येते म्हणून सेवा केंद्रातला मुलगा बँकेचे नाव निवडतो. अंगठा उमटतो, पावती निघते, माणूस निश्चिंत घरी जातो, आणि दाखला भलतीकडे पोहोचतो. पेन्शन थांबते तेव्हाच कळते. संदेश जातो तो बँकेतल्या जुन्या मोबाईल नंबरवर, तोही इंग्रजीत. एप्रिल 2022 मध्ये देशभरातल्या 58 हजारांहून अधिक पेन्शनरांचे पैसे वार्षिक ओळखपडताळणी न झाल्यामुळे अडकले होते, आणि आपल्याच मंत्रालयाला एकवेळची सवलत देऊन ते सोडावे लागले होते. सवलत देता येते हे तेव्हा सिद्ध झाले. मग एका विधवेला ती का देता येत नाही?

महोदय, आता स्पष्टच लिहितो. नोंद करणारे सरकार, चूक करणारे सरकार, आणि चूक आपली नाही हे सिद्ध करायचे ओझे मात्र सहावी-सातवी शिकलेल्या बाईवर. पीक विम्यात हेच, रेशनमध्ये हेच, निराधार योजनेतही हेच. संगणक आला आणि टेबलामागचा माणूस जबाबदारीतून मोकळा झाला. पूर्वी साहेब रागावायचा, पण त्याच्याशी बोलता तरी यायचे. आता ‘नाव जुळत नाही’ या ओळीशी कुणी बोलायचे? आमच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाच्या गावाला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिकडे कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. गावांच्या नावात फौज घातलेल्या या मुलखात फौजीची बायको सेवा केंद्राच्या पायरीवर दिवस काढते, याची आम्हाला लाज वाटते आणि संतापही येतो.

आमचे मागणे इतके: मृत्यूची नोंद झाल्यापासून तीस दिवसांत हंगामी फॅमिली पेन्शन सुरू करा, अक्षरांची दुरुस्ती मागाहून होऊ द्या. एक-दोन अक्षरांच्या फरकात जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांचा दाखला अंतिम माना. पेन्शन थांबवण्याआधी टपालाने मराठीत पत्र पाठवा. आणि जवान निवृत्त होतानाच, रेजिमेंटच्या सेंटरवर सह्या घेता त्या दिवशी, पत्नीचे आधार समोर ठेवून नाव, जन्मतारीख आणि जोड खाते ताडून पाहा. दहा मिनिटांचे काम आहे. ते तेव्हा झाले असते तर मंगलाबाईंचे हे सात महिने वाचले असते.

चौथ्यांदा भरलेला त्यांचा दावा सोमवारी पाठवला आहे.

आपला,
एक माजी हवालदार क्लार्क
जिल्हा सातारा