बर्लिनहून, मनीसाठी

बर्लिन, शनिवार दुपार

प्रिय मने,

तुझी मेल वाचून आधी हसले, मग जरा चिडले. तुमच्या वसतिगृहात येमेन, इथिओपिया, अफगाणिस्तानची मुलं राहायला आली, 'त्यांच्यासाठी काहीतरी कर' म्हणून सगळं तुझ्या गळ्यात टाकलं, आणि तू मला विचारतेस की तिकडे इंटरनॅशनल डे कसा करतात?

अगं, करू नकोस. किंवा कर हवं तर, पण तेवढ्यावर काम झालं असं समजू नकोस. इथेही असतो तो. टेबलं मांडायची, टेबलावर झेंडा, झेंड्यामागे आपण, आपल्यापुढे खाण्याचं ताट. मीही नऊवारी नेसून उभी राहिले होते, भडंग संपेपर्यंत गर्दीही बरी होती. दुसऱ्या दिवशी यू-बानमध्ये, म्हणजे भुयारी रेल्वेत, समोर बसलेल्या मुलीनं मला ओळखलंच नाही. आदल्या संध्याकाळी हिनं माझ्यासोबत फोटो काढले होते, पण नऊवारीतली बाई आणि फुगीर जाकीट घातलेली मी, यांचा तिला काही संबंध दिसला नसावा. तिचा काय दोष? टेबलामागे उभा राहिलेला माणूस हा नमुना असतो. नमुन्याशी कोण मैत्री करतं?

मग मैत्री कुठे होते, तर आमच्या स्वयंपाकघरात. ही जागा जरा नीट सांगते, कारण ती अशीच घडलेली नाही.

मी राहते ते श्लाख्टेनझेचं स्टुडेंटनडॉर्फ, म्हणजे विद्यार्थ्यांचं गावच. तळ्यापासून जवळ, झाडांमध्ये विखुरलेली बुटकी पांढरी घरं. पहिली घरं १९५७ ते १९५९ मध्ये बांधली, पैसे अमेरिकेनं दिले. युद्ध संपून बारा वर्षंच झाली होती, आणि नाझींच्या राज्यात वाढलेल्या पिढीला एकमेकांशी बोलत, भांडत, मतं मांडत एकत्र राहायला शिकवायचं, हा त्यामागचा हेतू. म्हणून फेलिंग, गोगेल आणि फांकुख या वास्तुरचनाकारांनी खोल्या मुद्दाम लहान ठेवल्या आणि सामायिक जागा मोठ्या. जुन्या घरातली खोली जेमतेम दहा चौरस मीटर. पलंग, टेबल, खिडकी, संपलं. दार लावून बसलीस तर तासाभरात जीव गुदमरतो आणि पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. वास्तुरचनाकारानं केलेली ही सक्ती मला फार आवडते. तुमच्या वसतिगृहात बघ बरं, सगळ्यांनी बसावं अशी एक तरी जागा आहे का? मेसमध्ये तर ताट घेऊन टीव्हीकडे तोंड करून बसतात.

पुढची गोष्ट सांगलीच्या माणसाला लगेच कळेल. हे गाव पाडून जागा विकायचा बेत शहराच्या सरकारनं केला होता. तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि जुन्या रहिवाशांनी विरोध केला आणि शेवटी चक्क सहकारी संस्था काढून गाव स्वतःकडे घेतलं. आज ते राष्ट्रीय महत्त्वाचं वारसास्थळ आहे. सहकारी संस्था म्हटल्यावर मी सवयीनं चेअरमनची गाडी शोधत होते, अजून सापडली नाही.

आमच्या स्वयंपाकघरात जॉर्जियाची एक, कझाकस्तानचा एक, इराणची एक, ब्राझीलचे दोघे, नामिबियाची एक, श्टुटगार्टकडची एक जर्मन आणि मी. पहिलं भांडण माझ्या फोडणीवरून झालं. मोहरी तडतडली, मिरची पडली आणि धुराचा अलार्म बोंबलला. रात्रीचे दहा वाजून गेले होते, म्हणजे इथल्या शांततेच्या वेळेत! सगळे बाहेर आले. जर्मन मुलीनं दुसऱ्या दिवशी बैठक बोलावली, आणि मने, बैठकीचं इतिवृत्त लिहिलं. ठराव : फोडणी खिडकी उघडून आणि दार लावून करावी. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. मला आधी अपमान वाटला. मग त्याच बैठकीत ब्राझीलवाल्यांच्या रविवारच्या संगीतावर, इराणी मुलीच्या तासन् तास उकळणाऱ्या पातेल्यावर आणि जर्मन मुलीच्या दुसऱ्यांचा कचरा उपसून तपासायच्या सवयीवरही ठराव झाले, तेव्हा बरं वाटलं. ज्याच्यावर ठराव झाला तो घरचा झाला, असं मी तेव्हापासून धरून चालते. पाहुण्यावर कोणी ठराव करत नाही.

सगळंच असं हसण्यावारी जात नाही. कझाक मुलगा पहिल्या आठवड्यात जॉर्जियाच्या मुलीशी सहज रशियन बोलायला लागला. तिला रशियन उत्तम येतं. तिनं इंग्रजीत सांगितलं, माझ्याशी ही भाषा बोलू नकोस. रशियाबरोबरच्या २००८च्या युद्धात तिच्या मावशीला घर सोडून यावं लागलं होतं. तो गोंधळला, कारण त्याच्या घरात आजीपासून सगळे तीच भाषा बोलतात आणि त्याला ती रशियाची वाटतच नाही. दोघे कितीतरी दिवस एकमेकांना टाळत होते. कोणी मध्यस्थी केली नाही, कोणी 'संस्कृतींमधला संवाद' वगैरे भरवला नाही. पण पुत्झप्लानवर, म्हणजे सफाईच्या पाळीच्या तक्त्यावर, त्या दोघांची जोडी होती. ओव्हन दोघांनी मिळून घासायचा होता. आता ते मोडकंतोडकं जर्मन बोलतात एकमेकांशी, दोघांचंही सारखंच वाईट आहे, आणि रशियनचा विषय अजून मिटलेला नाही. मिटायलाच हवा असंही मला वाटत नाही.

तू 'बडी' योजनेबद्दल विचारलंस. ती मात्र जरूर कर, खर्च काही नाही. नव्या मुलाला एक जुना विद्यार्थी जोडून द्यायचा. इथे आल्यावर पत्त्याची नोंदणी, आरोग्यविमा, बँक, राहण्याचा परवाना ही रांग असते, आणि आपल्यासारख्यांना त्याआधीच वर्षभराचे पैसे अडकवून ठेवलेलं खातं दाखवावं लागतं, २०२५ मध्ये महिन्याला ९९२ युरोच्या हिशोबानं. एका कार्यालयात माझे कागद ज्या कारणासाठी परत केले ते कारण मला आजही कळलेलं नाही. माझी बडी पोलंडची होती, ती काउंटरवर वाकून दोन वाक्यं बोलली आणि कागद आत गेले. तुमच्याकडच्या येमेनी मुलाला परदेशी नागरिकांची नोंदणी, भाडेकरार आणि पोलीस चौकी यांतून कोण नेतं? त्याच्याबरोबर एक सकाळ रांगेत उभं राहा, ते झेंड्यांच्या टेबलापेक्षा जास्त कामाचं.

फक्त मदत एकाच बाजूनं होत राहिली तर मैत्री होत नाही, उपकार होतात. त्याच्याकडूनही काम घे. नाटकाचा सेट उचलायला बोलव, वर्गणीचा हिशोब त्याच्याकडे दे.

हे मी मनचं सांगत नाही. मी शिकते ते फ्राये युनिव्हर्सिटेट मुळात विद्यार्थ्यांच्या हट्टातून उभं राहिलं. १९४८च्या एप्रिलमध्ये वाटल्या गेलेल्या बर्लिनच्या सोव्हिएत भागातल्या जुन्या विद्यापीठातून टीका करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांना काढून टाकलं. बाकीच्यांनी सभा घेतली आणि पश्चिम भागात वेगळं विद्यापीठच मागितलं. पश्चिम भागाची सोव्हिएतांनी केलेली नाकेबंदी चालू, कोळसा आणि पीठ विमानानं येतंय, आणि हे पुस्तकं, खुर्च्या, खोल्या गोळा करतायत! डिसेंबरात रीतसर स्थापना झाली. विद्यापीठाच्या कारभारात विद्यार्थ्यांना जागा आणि मत मिळालं, जे तेव्हा जर्मनीत नवलाचं होतं. नोंदणी क्रमांक एक मिळाला स्टॅनिस्लाव कारोल कुबिकी या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला. त्याचे वडील पोलिश चित्रकार, नाझींनी मारलेले, आणि आई जर्मन चित्रकार. मला ही नोंद फार बोलकी वाटते.

इरास्मसचंही तेच, म्हणजे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात काही काळ शिकायला पाठवणाऱ्या युरोपच्या योजनेचं. आज लोकांना वाटतं युरोपच्या सरकारांनी उदार होऊन ती योजना दिली. पण १९८५ साली पॅरिसमध्ये फ्रांक बियांकेरी आणि त्याच्या सोबत्यांनी एजे ही विद्यार्थी संघटना काढली, आणि योजना अडली होती तेव्हा ते थेट फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँपर्यंत गेले. १९८७ मध्ये योजना सुरू झाली, ११ देश, ३,२४४ विद्यार्थी. अर्थात ती मुख्यतः युरोपच्या मुलांसाठी. आमच्या घरातली जर्मन मुलगी शनिवार-रविवार लंडनला जाऊ या म्हणते आणि निघते. नामिबियाची मुलगी आणि मी व्हिसाचा अर्ज उघडून बघतो आणि बटाटेवडे करतो. मैत्रीत हे बोललं गेलं पाहिजे. आमच्यात आता बोललं जातं.

आणि हो, आपलीच माणसंही अडवतात. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत भारतीय विद्यार्थी ४९ हजारांच्या वर होते, चिन्यांपेक्षाही जास्त. म्हणजे जर्मन न बोलता, परक्या माणसाच्या घरी चहा न पिता पदवी घेऊन परत जाता येतं. तसे पुष्कळ आहेत. गणपतीत मीही त्यांच्यातच असते, मोदक कोण सोडतं! पण वर्षभर त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपवर राहायचं तर मग हिंजवडी काय वाईट होती?

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसले.

नामिबियाची ती इतिहास शिकते. तिची आजी रेहोबोथची. तिथल्या लोकांची मापं घ्यायला १९०८ साली ऑयगेन फिशर नावाचा जर्मन शास्त्रज्ञ गेला होता, जर्मन सैन्यानं तिथल्या हेरेरो आणि नामा लोकांचा संहार नुकताच केलेला असताना. डोकी मोजली, केस-डोळे नोंदले, घराघरांच्या वंशावळ्या लिहिल्या, १९१३ मध्ये पुस्तक काढलं. ती त्याच्याच मागावर बर्लिनला आली आहे. एकदा भांडी घासताना ती फिशरबद्दल सांगत होती आणि मी म्हटलं, थांब, हा माणूस मला माहीत आहे. आपल्या इरावतीबाई कर्व्यांचा गाईड!

तुला डेक्कन कॉलेजात त्यांचं नाव रोज कानावर पडतं, पण हे बोलतो का आपण? १९२७ साली बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची मानववंशशास्त्राची शाखा निघाली, फिशर तिचा प्रमुख. त्यानंतर लवकरच इरावतीबाई तिथे डॉक्टरेटला आल्या. फिशरचं म्हणणं, गोऱ्यांच्या कवटीची डावी-उजवी बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असते आणि त्यात त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाशी याचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकट्या, गाईडच्या तोंडावर! त्या कवट्यांपैकी काही जर्मनांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्या होत्या.

ती इमारत, इनेश्ट्रासे २२, आज आमच्या विद्यापीठाची आहे. आम्ही दोघी तिथे गेलो. दारापाशी १९८८ साली लावलेली पाटी आहे, आत राज्यशास्त्राचे वर्ग भरतात. आउश्वित्झच्या छळछावणीतून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले यानं पाठवलेले मानवी अवशेष याच संस्थेत यायचे. २०१४ मध्ये जवळच बांधकामात हाडं सापडली, पुढच्या उत्खननांत मिळून सुमारे १६ हजार तुकडे. ती कोणाची ते ठरवता आलं नाही. आणखी चिरफाड नको म्हणून तपासण्या थांबवल्या आणि २०२३च्या मार्चमध्ये डालेमच्याच दफनभूमीत त्यांना पुरलं.

मी जरा अभिमानानं इरावतीबाईंचं सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुढे त्यांनी मोजायचं सोडलं का?" नाही सोडलं. महाराष्ट्रात येऊन त्यांनी जातीजातींची मापं घेतलीच. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, मग मला त्या नोंदी बघायच्या आहेत. तिच्या आवाजात राग नव्हता, पण मला सूट द्यायचीही तिची तयारी नव्हती. इंटरनॅशनल डेला हा प्रश्न मला कोणी विचारला नसता, आणि विचारला असता तर मी भडंग पुढे केलं असतं.

तर काम असं : ती पुढच्या वर्षी भारतात येतेय, पुण्यात थोडे दिवस राहील. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात विचारून ठेव, इरावतीबाईंच्या मोजमापांचं काय काय बघायला मिळेल आणि बाहेरच्या विद्यार्थिनीला परवानगीसाठी कोणाचं पत्र लागतं. तिला हॉटेलात नको, तुझ्याकडेच ठेव. काकूंना सांग, ती सगळं खाते, तिखट आपल्यापेक्षा जास्त. आणि तुमच्या इथिओपियाच्या मुलीशी तिची गाठ घालून दे, पण कार्यक्रम वगैरे करू नकोस, स्वयंपाकाला लाव दोघींना.

अजून एक. मागच्या पार्सलमधला गोडा मसाला जर्मन मुलीनं संपवला, पास्त्यात घालते. थोडा जास्त पाठव.

तुझी,
पिंकी