पॉल रिव्हिअर कॉन्कर्डला पोचलाच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकी स्वातंत्र्याच्या अडीचशे वर्षांच्या निमित्ताने तिथल्या वीरकथांच्या पुस्तकांवर पुरवणीत आलेला लेख वाचला. लेख रंगतदार आहे. पण इंग्रज फौज चालून येत असल्याची खबर घोड्यावरून देणाऱ्या बॉस्टनच्या पॉल रिव्हिअरची हकिगत त्यात जशीच्या तशी कवितेतून आली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

एकटा स्वार रात्रभर दौडत बॉस्टनजवळच्या कॉन्कर्डपर्यंत गावे जागवत गेला, हे चित्र अमेरिकी कवी लाँगफेलोचे. त्याची कविता छापून आली जानेवारी १८६१ मध्ये, घटनेला ८५ वर्षे उलटल्यावर. दक्षिणेतली राज्ये फुटून निघत होती आणि गुलामगिरीचा विरोधक असलेल्या लाँगफेलोला उत्तरेला हलवून जागे करायचे होते. कवी म्हणून त्याने ते चोख केले. इतिहास सांगणाऱ्याने तेच कशाला गिरवायचे? (वॉशिंग्टनच्या चेरीच्या झाडाची गोष्टही अशीच, तो वारल्यावर एका पुस्तकविक्या पाद्र्याने छापलेली.)

१८ एप्रिल १७७५ च्या रात्री बॉस्टनमधल्या चर्चच्या मनोऱ्यात दिवे लागले ते रिव्हिअरला कळावे म्हणून नव्हे, तर त्याच्याच सांगण्यावरून नदीपलीकडच्या चार्ल्सटाउनकरांसाठी. दोघा मित्रांनी त्याला होडीतून नदीपार नेले. घोडा मागून घेतलेला. लेक्सिंग्टनला निरोप पोचवून तो पुढे निघाला, सोबत दुसरा निरोप्या डॉज आणि तरुण डॉक्टर प्रेस्कॉट. वाटेत इंग्रजांच्या गस्तीने रिव्हिअरला धरले. प्रेस्कॉट कुंपणावरून घोडा उडवून निसटला आणि कॉन्कर्डला खबर त्यानेच दिली. रिव्हिअरचा घोडा काढून घेतला गेला, तो पायी लेक्सिंग्टनला परतला. पहाटे तिथे गोळीबार सुरू झाला तेव्हा हा पठ्ठ्या एका कारकुनासोबत बंडाचा पुढारी हॅनकॉक याची कागदपत्रांनी भरलेली ट्रंक वाहून नेत होता! असा प्रसंग सोडून दंतकथा सांगाविशी वाटते, याचेच नवल.

रिव्हिअरने ही हकिगत स्वतः एका पत्रात लिहून ठेवली आहे. दोन इंग्रज स्वार कुठे दिसले ते सांगताना तो जागेची खूण देतो: मार्कला जिथे साखळदंडात टांगले होते, त्या जागेच्या जवळपास समोर. मार्क हा गुलाम. मालकावर विषप्रयोग केल्याबद्दल त्याला १७५५ मध्ये फाशी दिले आणि प्रेत रस्त्याकडेला लटकवले. वीस वर्षांनंतरही ती जागा त्याच्याच नावाने ओळखली जात होती, आणि स्वातंत्र्याचा निरोप्या तिथूनच गेला. हे एक वाक्य पुस्तकात आहे की गाळले आहे, यावरून मी लेखक जोखतो. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना, त्यामुळे मराठी वाचकाला तरी मार्क परका वाटू नये.

अशा पुस्तकांचे अनुवाद काढणाऱ्या प्रकाशकांना एक विनंती आपल्यामार्फत पोचवावी: पाने वाचवण्यासाठी मागच्या टिपा छाटू नयेत. कवितेतले कोणते आणि रिव्हिअरच्या पत्रातले कोणते, हे तिथेच कळते.

आपला,
एक वाचक, सांगली