चोडणला ओहोटीच्या वेळी जावे

गोव्यातील चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यावरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. भरतीच्या वेळी मोटारबोटीने फिरण्याचा त्यातील सल्ला मात्र पटला नाही. १९८८ साली घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे. इंजिनाच्या आवाजाने खंड्या दिसण्याआधीच उडून जातो. त्यापेक्षा रायबंदरहून फेरीबोटीने जावे आणि ओहोटीला खारफुटीतल्या पायवाटेने सावकाश चालावे. पाणी ओसरले की चिखलात श्वसनमुळांची टोके उघडी पडतात, त्यांच्यामधून निवट्या हे चिखलातले छोटे मासे टुणटुण उड्या मारतात, एक नांगी भली मोठी असलेले नर खेकडे बिळाच्या तोंडाशी ती हलवत उभे असतात. बगळे आणि तुतवारही खाद्यासाठी याच वेळी चिखलात उतरतात. लेखासोबत ओहोटीच्या वेळा छापल्या असत्या, तर वाचकांची मोठी सोय झाली असती.

– एक वाचक, पणजी