सिगारेट सोडणाऱ्या मित्राला तिसऱ्या दिवशी फोन करा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

३१ मे आला की तंबाखूविरोधी फेऱ्या निघतात, शपथा होतात, शपथ घेणाऱ्यांची छायाचित्रे छापून येतात. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या मित्राने पुढचे महिनाभर काय करायचे, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसोबत आम्ही काम करतो. सोडणाऱ्याइतकीच तयारी त्याच्या मित्रांनी, घरच्यांनी आणि शेजारच्या टेबलावर बसणाऱ्यांनी करावी लागते, असे आमचे ठाम मत आहे. हे पत्र त्यांच्यासाठी.

पहिल्या दिवशी अभिनंदन करायला सगळे येतात. त्या दिवशी त्याला फारशी गरजही नसते, कारण निर्धार ताजा असतो. शेवटच्या सिगारेटनंतर काही तासांत शरीर निकोटिन मागू लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ही मागणी सर्वांत जोरात असते. चिडचिड, उडालेली झोप, कामात लक्ष न लागणे, सारखी भूक, बद्धकोष्ठ हे सगळे तेव्हा एकदम येते आणि दोन ते चार आठवड्यांत हळूहळू ओसरते. बरेच प्रयत्न पहिल्या आठवड्यातच मोडतात. म्हणून फोन करायचा तो दुसऱ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी, शक्यतो संध्याकाळी. ‘ओढली नाहीस ना?’ असे विचारू नका. त्याला ती झडती वाटते आणि पुढच्या वेळी तो फोनच उचलत नाही. ‘आज कोणत्या वेळी जड गेलं?’ असे विचारा. तो म्हणेल, जेवणानंतर किंवा चारच्या चहाला. मग दुसऱ्या दिवशी त्या वेळेच्या पाच मिनिटे आधी तुमचा फोन गेला पाहिजे. तलफेची एक लाट साधारण तीन ते पाच मिनिटे टिकते. तेवढा वेळ क्रिकेटवर बोला, मुलांच्या शाळेवर बोला, त्याला पाणी प्यायला लावा, चार पावले चालायला लावा. हातात फुटाणे किंवा बडीशेप असू द्या. सुपारी देऊ नका, ती स्वतःच कर्करोगाला कारण ठरते.

चहाबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण ही बाब फार कमी लोकांना माहीत असते. धुरातल्या डांबरासारख्या घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा भराभर करते. धूर थांबला की हा वेग काही दिवसांत मंदावतो. चहा-कॉफी पूर्वीइतकीच घेतली तरी रक्तातले कॅफिन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. मग छातीत धडधडते, हात थरथरतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही आणि माणूस म्हणतो, ‘सिगारेटवाचून मला हे सोसत नाही.’ प्रत्यक्षात त्यातला बराच त्रास चहाचा असतो. सोडण्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करायला सांगा, दुपारनंतर शक्यतो नकोच. आणि चहा टपरीवर उभ्याने पिण्याऐवजी कँटीनमध्ये बसून, तुमच्याबरोबर पिऊ द्या. याच कारणाने दम्यासाठी थिओफिलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन घेणाऱ्यांनी सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे, कारण मात्रा कमी करावी लागू शकते. मधुमेहींनी सुरुवातीचे काही आठवडे साखर जास्त वेळा तपासावी.

आता निकोटिन गम, म्हणजे तलफ शमवण्यासाठी ठराविक मात्रेत निकोटिन देणारा औषधी च्युइंगगम. ‘गम घेऊन पाहिलं, काही उपयोग नाही’ असे म्हणणाऱ्याला तो कसा खाल्ला हे विचारा. बहुतेक वेळा तो साध्या च्युइंगगमसारखा सलग चघळलेला असतो. तसे केले की निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, तिथून यकृतात जाऊन बरेचसे नष्ट होते, आणि हाती उरते ती उचकी, मळमळ आणि जळजळ. गममधले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जायला हवे. गम सावकाश चावायचा. तिखटसर चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की चावणे थांबवून तो गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा थोडे चावायचे आणि जागा बदलून ठेवायचा. असा एक गम अर्धा तास चालतो. गम घेण्याआधी १५ मिनिटे आणि तो तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी, लिंबू किंवा कोकम सरबत काहीही नको. तोंड आंबट झाले की निकोटिन शोषले जात नाही.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा विडी लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, त्यानंतर लागत असेल तर २ मिलिग्रॅमचा गम. २ मिलिग्रॅमचा औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पहिले ६ आठवडे दर एक-दोन तासांनी एक, म्हणजे दिवसाला किमान ९. कमाल मर्यादा २४. पुढचे ३ आठवडे दर दोन ते चार तासांनी आणि शेवटचे ३ आठवडे दर चार ते आठ तासांनी. लोक मात्र दिवसाला दोन-तीनच घेतात, कारण गम महाग वाटतो किंवा ‘याचीच सवय लागेल’ अशी भीती असते. मग तिसऱ्या आठवड्यात तोही बंद होतो आणि पाकीट परत येते. मित्राला काही द्यायचेच असेल तर पुष्पगुच्छाऐवजी पंधरा दिवसांचा गम द्या. गरोदर स्त्रिया, नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले रुग्ण आणि कवळी वापरणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिन किंवा बुप्रोपियॉनची गोळी डॉक्टर देणार असतील तर ती सिगारेट सोडण्याच्या तारखेच्या एक-दोन आठवडे आधी सुरू होते. म्हणून तारीख आधी ठरवून मगच डॉक्टरांकडे जा.

विडी ओढणाऱ्याला ‘तुझी काय साधी विडीच आहे’ म्हणून वगळू नका. तेंदूच्या पानातून हवा नीट खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जोरात आणि लागोपाठ घ्यावे लागतात. त्यालाही वरचाच सगळा उपचार लागतो. आणि विडी सोडून कुणी तंबाखू-चुना मळू लागला, मिश्री लावू लागला, तर निकोटिन सुटलेले नाही. परदेशातून ई-सिगारेट आणून देणारे मित्रही भेटतात. देशात तिच्या विक्रीवर आणि आयातीवर २०१९ पासून बंदी आहे.

सोडण्याच्या आदल्या रात्री त्याच्याबरोबर घर धुंडाळा. पाकिटे गाडीच्या डिकीत, रेनकोटच्या खिशात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये सापडतात. लायटर आणि रक्षापात्रही जाऊ द्या. तुम्ही स्वतः ओढत असाल तर किमान पहिला महिना त्याच्यासमोर ओढू नका आणि त्याला सोबत म्हणून टपरीवर नेऊ नका. ‘बसण्याचे’ बेत तर महिनाभर पुढेच ढकला. दारूचा पहिला पेग पोटात गेला की निर्धार सैल होतो, आणि टेबलावर पाकीट उघडे पडलेले असते. वरातीत, गणपतीच्या रात्रीच्या जागरणात, ३१ डिसेंबरला कुणीतरी एकाने त्याच्या बाजूला राहायचे हे आधीच ठरवून ठेवा.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. शर्टाचा वास घेऊन तपासणी करू नका, आणि ‘किती चिडतोस, त्यापेक्षा ओढत होतास तेच बरं’ हे वाक्य चुकूनही उच्चारू नका. वजन वर्षभरात सरासरी चार-पाच किलोंनी वाढते. त्यावर थट्टा नको, भाकरी-भाजीचे ताट आणि संध्याकाळचे चालणे पुरे. सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढू शकतो. श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा कामाला लागून साचलेला कफ बाहेर ढकलतात, म्हणून. मात्र कफात रक्त दिसले, ताप येत राहिला किंवा वजन घटू लागले तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवे. मन दोन आठवड्यांहून अधिक काळ खचलेले राहिले तर टेली-मानस या शासनाच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आणि त्याने मध्येच एखादी ओढली तर? इथे मित्राची खरी परीक्षा आहे. ‘मला माहीतच होतं’ म्हणाल तर त्याच संध्याकाळी तो अख्खे पाकीट घेईल. कुठे होता, सोबत कोण होते, पोटात काय होते, एवढे शांतपणे विचारा. उरलेल्या सिगारेटी मोडून टाकायला लावा. गम बंद करू देऊ नका. एक सिगारेट ओढली म्हणून गम आता धोक्याचा, असा गैरसमज फार आहे. गम चालू ठेवायचा, सिगारेट थांबवायची. कायमची सुटण्याआधी बहुतेकांचे अनेक प्रयत्न झालेले असतात.

पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. समुपदेशक तारीख ठरवून घेतात आणि नंतर स्वतःहून फोन करतात. पहिला फोन मित्राने शेजारी बसून लावून द्यावा, कारण एकट्याने लावायचे राहूनच जाते.

शासनाकडे दोन मागण्या. राज्यात सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, तरी टपरीवर एकेक सिगारेट आजही मिळते. सोडणाऱ्याचा पाय घसरतो तो याच एका सुट्या सिगारेटीवर, अख्खे पाकीट घ्यायला तो सहसा धजत नाही. ही बंदी अमलात आणावी. दुसरे, निकोटिनच्या पर्यायी उपचाराचा समावेश २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत झाला आहे. तो जिल्हा रुग्णालयापुरता न राहता प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आणि सलग १२ आठवडे मिळावा. गमच्या दोन पट्ट्या हातात देऊन ‘पुढच्या महिन्यात या’ असे सांगितलेला रुग्ण तिसऱ्या आठवड्यातच परत विडीकडे वळतो.

— तंबाखूमुक्तीचे समुपदेशन करणारे काही कार्यकर्ते, सातारा