पत्त्यातला नंबर

बॅटन रूज, लुइझियाना

प्रिय वैशू,

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला बसले की वर्गातली एक दुपार आठवते आणि पेन थांबतं. आज तीच सांगते.

तिसरीच्या मुलांना पत्रलेखन शिकवत होते. म्हटलं, लांब राहणाऱ्या आपल्या माणसाला लिहा. बावीस मुलांपैकी चौघांनी पत्त्यात नावापुढे एक नंबर घातला. घरनंबर चुकीच्या जागी पडलाय असं वाटून मी एकीचा खोडायला गेले, तर तिनं माझा हात धरला. "तो खोडू नका, बाबांना पत्र मिळणार नाही." कैदी क्रमांक होता तो. आठ वर्षांच्या पोरीला तोंडपाठ! चौघंही काळी.

तिचे वडील अँगोलाला आहेत. मिसिसिपी नदीनं तीन बाजूंनी वेढलेला १८,००० एकरांचा तुरुंग. पूर्वी तिथे गुलामांकडून कसलेला मळा होता. गुलाम आफ्रिकेतल्या ज्या भागातले, त्याचं नाव मळ्याला पडलं आणि तेच तुरुंगालाही राहिलं. कैदी आजही तिथल्या शेतात राबतात. १८६५च्या घटनादुरुस्तीनं गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी तेवढी वगळली. पुढे १८९८मध्ये या राज्यानं ज्यूरीचं, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवणाऱ्या बारा नागरिकांचं, एकमत नसलं तरी चालेल, बारांपैकी नऊ पुरेत, असं ठरवलं. ज्यूरीत एखाददुसरा काळा बसलाच, तर त्याच्या मताला किंमत उरू नये म्हणून. ही पद्धत २०१८मध्ये मतदारांनी मोडली, २०२०मध्ये सुप्रीम कोर्टानं घटनाबाह्य ठरवली. पण ज्यांची अपिलं आधीच संपली होती, ते आतच राहिले. इथे लोकसंख्येत तिघांमागे एक काळा, तुरुंगात तिघांमागे दोन.

ही दक्षिणेचीच गोष्ट, असं मलाही वाटायचं. न्यू जर्सीत, एडिसनला नऊ वर्षं काढली. गणपती, रविवारची मराठी शाळा, सगळं केलं. तुरुंगाचं नाव कधी कानावर आलं नाही. आता वाचते, तर त्या राज्यात कैदी एकूण कमी, पण काळ्यांचं कैदेतलं प्रमाण गोऱ्यांच्या बारापट, देशातल्या सर्वांत मोठ्या तफावतींपैकी एक. काळ्यांची मोठी वस्ती असलेलं नूअर्क आमच्यापासून अर्ध्या तासावर होतं गं. तुरुंग तिथल्या घराघरांत होता, आमच्या गल्लीत नव्हता, म्हणून आमच्या लेखी तो नव्हताच. याची मला लाज वाटते.

२०१०च्या एका अभ्यासात देशातल्या दर नऊ काळ्या मुलांमागे एकाचा आई किंवा बाप कैदेत होता; गोऱ्या मुलांत सत्तावन्नांमागे एकाचा. त्या मुलीला आजी सांभाळते. फोनचे पैसे, भेटीच्या दिवशीचं पेट्रोल, पोरीच्या पायातले बूट, सगळं तिच्याच पगारातून. पहाटे निघून त्या दोघी भेटीला जातात आणि सोमवारी मुलगी वर्गात एक शब्द बोलत नाही. शिक्षा कोर्टानं एकाला दिली, भोगतायत तिघं.

आपल्या वर्गातली सेटलमेंटमधली मुलगी आठवते? पत्ता सांगितला की बाई कशा बघायच्या तिच्याकडे. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, पुढे सोलापुरात अशांना तारेच्या आत, सेटलमेंटमध्ये ठेवलं. १९५२मध्ये तो कायदा गेला, आपण त्यानंतर किती वर्षांनी शाळेत होतो! तरी तिच्या शेजारी बसायला तू एकटीच तयार झालीस. मी नाही झाले. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

परवा फळ्यावर पत्त्याचा नमुना काढला, तेव्हा नावाखाली एक जादा ओळ सोडली. कुणी काही विचारलं नाही. त्या मुलीनं मात्र दुसरा कागद मागून घेतला.

काकूंना नमस्कार सांग. आणि ती मुलगी आता कुठे असते, तुला ठाऊक असेल तर नक्की कळव.

तुझी,
मंदा