जनुकोपचार हवाच, पण संमती खरी हवी

महोदय,

चंद्रपूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी २६ वर्षे प्राणिशास्त्र शिकवले. आनुवंशिकतेच्या तासाला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे उदाहरण फळ्यावर मांडताना समोरच्या बाकांवर त्या आजाराचे वाहक आणि रुग्ण दोघेही बसलेले असत. दर सत्रात कुणाची ना कुणाची जागा आठवडाभर रिकामी राही, कारण हाडे आणि सांधे ठणकण्याचा झटका येऊन ते मूल रुग्णालयात सलाइनवर असे. मानवी जनुकांत माणसाने हात घालावा की नाही, या प्रश्नाकडे मी त्या रिकाम्या जागेवरून पाहते, आणि म्हणूनच जनुकांत बदल करून आजारावर मात करणाऱ्या जनुकोपचाराच्या बाजूने, पण काही अटींसह, हे पत्र लिहीत आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचा एक भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकातील एकच अक्षर बदललेले असते. तेवढ्यामुळे प्राणवायू कमी पडताच तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. या आजारावरील ‘कॅसजेव्ही’ या क्रिस्पर तंत्राच्या, म्हणजे जनुकात नेमक्या जागी बदल करण्याच्या तंत्राच्या, उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मान्यता दिली. त्यात ते बदललेले अक्षर दुरुस्त केले जात नाही. बाळ पोटात असताना बनणारे हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद पाडण्याचे काम ‘बीसीएल११ए’ नावाचे जनुक करते. रुग्णाच्याच रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढून घेऊन त्यांतील या जनुकाचा जोर कमी केला जातो आणि त्या पेशी पुन्हा शरीरात सोडल्या जातात, म्हणजे ते जुने, निर्दोष हिमोग्लोबिन परत तयार होऊ लागते. अमेरिकेत मान्यतेच्या वेळी ज्या ३१ रुग्णांची माहिती तपासण्याजोगी होती, त्यांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने तीव्र वेदनेचा एकही झटका आला नव्हता. ज्यांनी असा झटका जवळून पाहिला आहे, त्यांना या आकड्याचे मोल वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने १८ कोटी रुपयांहून अधिक आहे. भारतात मात्र दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेने विकसित केलेल्या ‘बिरसा १०१’ या सिकलसेलवरील जनुकोपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आले. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून रक्ताच्या कर्करोगावरील ‘नेक्सकार१९’ हा जनुकोपचार परदेशी किमतीच्या लहानशा अंशात उपलब्ध झाला आहे, त्यामुळे खर्चाच्या बाबतीत आशा बाळगणे अवाजवी नाही.

मला काळजी आहे ती संमतीची. सुधारलेल्या पेशी परत सोडण्यापूर्वी रुग्णाची अस्थिमज्जा तीव्र केमोथेरपीने रिकामी करावी लागते, आणि त्यामुळे पुढे मूल न होण्याचा धोका असतो. अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता देताना हा उपचार वयाच्या १२ व्या वर्षापासून देण्यास मुभा दिली. धडगाव, भामरागड किंवा जिवतीकडच्या १२ वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईवडिलांना हा धोका कोण, कोणत्या भाषेत समजावणार? घरात माडिया, गोंडी, कोलामी किंवा पावरी बोलणाऱ्या कुटुंबापुढे इंग्रजी किंवा कार्यालयीन मराठीतला कागद ठेवून अंगठा घेतला, तर त्या अंगठ्याला संमती म्हणता येणार नाही. माझ्या एका विद्यार्थिनीला, ती स्वतः रुग्ण आहे, या उपचाराविषयी मी सांगत होते, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच की, त्यानंतर मूल होईल का? उपचाराआधी बीजांडे किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याची सोय असते, पण तिचा खर्च कोण करील हे ठरल्याशिवाय ती सोय कागदावरच राहते.

१९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा १८ वर्षांचा तरुण जनुकोपचाराच्या एका चाचणीत दगावला. त्याच प्रकारचा उपचार दिलेली माकडे मेल्याची गोष्ट त्याने सही केलेल्या संमतीपत्रात नव्हती. शिकल्या-सवरलेल्या कुटुंबाच्या बाबतीत असे घडू शकते, तर आपल्याकडे किती जपायला हवे! शिवाय अशा रुग्णांवर १५ वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे, अशी अमेरिकेच्या औषध प्रशासनाची शिफारस आहे. आपल्याकडे प्रकल्पाचा निधी संपला की गावात येणारी गाडीही बंद होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

भ्रूणातच जनुक बदलण्याचा प्रश्न मात्र याहून वेगळा आहे, आणि तेथे माझे मत स्पष्ट नकाराचे आहे. रुग्णाच्या रक्तपेशींतील बदल त्याच्याबरोबर संपतो. भ्रूणातील बदल पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, आणि ज्यांना तो भोगायचा त्यांना कुणी विचारू शकत नाही. चीनमधील हे जियानकुई यांनी २०१८ मध्ये एचआयव्हीपासून संरक्षण देण्यासाठी जुळ्या मुलींच्या भ्रूणांतील ‘सीसीआर५’ हे जनुक बदलल्याचे जाहीर केले, आणि पुढे त्यांना तीन वर्षांची कैद झाली. वडिलांचा संसर्ग मुलींपर्यंत पोहोचू न देण्याचे साधे, सुरक्षित मार्ग तेव्हाही उपलब्ध होते. सिकलसेलच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. त्या जनुकाची एकच प्रत असलेल्या वाहकाला तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळते, आणि गडचिरोलीत मलेरिया अजून संपलेला नाही. वाहक निरोगी असतो, तरीही त्याच्या लग्नात अडचणी येतात. उद्या भ्रूणातूनच हे जनुक काढण्याची सोय झाली, तर ‘तुमच्या रक्तात खोट आहे’ हा शेरा कायमचाच चिकटेल.

आनुवंशिक व्याधी ओळखण्यासाठी आलेली गर्भजल चाचणी आपण कशासाठी वापरली, हे महाराष्ट्र विसरलेला नसावा. १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी आपल्या राज्याने तिच्यावर कायदा केला, तरी शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण १९९१ मधील ९४६ वरून २०११ मध्ये ८९४ वर आले. तेव्हा यंत्रे आधी गावोगाव पोहोचली होती आणि कायदा मागून आला. भ्रूणाच्या जनुकांत बदल करण्यास आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे, पण मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे संसदेने केलेला कायदा नव्हे. वंध्यत्व उपचार केंद्रे आता तालुक्याच्या गावापर्यंत येऊ लागली असताना शिक्षेच्या तरतुदीसह हा कायदा आताच व्हायला हवा.

आणि राज्याच्या आरोग्य विभागाने सिकलसेलवरील जनुकोपचाराच्या चाचण्या सुरू होण्याआधीच संमतीपत्रे आदिवासी भाषांत, वाचून दाखवता येतील अशी तयार करावीत, ती समजावण्यासाठी त्या त्या समाजातील आशाताईंना प्रशिक्षण द्यावे, आणि नव्या उपचाराची वाट पाहणाऱ्या हजारो रुग्णांना आज लागणारी, वेदनेचे झटके कमी करणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळेल याची हमी द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका, चंद्रपूर